घरी बांधलेल्या विमानातील विजेच्या वाटा

हौशी माणसाने कारखान्याबाहेर, स्वतःच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर बांधलेल्या हलक्या विमानाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांचे सहा आसनी विमान होय. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी ते मुंबईत कांदिवलीजवळील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्हीटी-एनएमडी या चिन्हाने त्याची नोंदणी केली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची उड्डाणे झाली. अशा विमानांविषयी बोलताना पंख, इंजिन आणि परवाना यांची चर्चा भरपूर होते. सांगाड्याच्या आतून जाणाऱ्या तारांची मात्र क्वचितच होते, आणि हे दुर्लक्ष योग्य नाही, कारण पत्रा रिव्हेट मारून बंद झाला की चुकीच्या वाटेने नेलेली तार दुरुस्त करण्यासाठी तोच पत्रा पुन्हा उघडावा लागतो.

चारकोपच्या गच्चीवर नसलेली ऐसपैस जागा मुंबईजवळच्या कोकणातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील एखाद्या शेडमध्ये सहज मिळेल. परंतु वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडणारी इथली हवा तांब्याच्या उघड्या टोकांना मानवत नाही आणि भातशेतीच्या आसऱ्याने वाढणारे उंदीर तारांचे वेष्टण कुरतडतात, म्हणून येथे विमान बांधणाऱ्याने तारांचा विचार अधिकच काटेकोरपणे करायला हवा.

पहिला प्रश्न तारेच्या जातीचा. घरातील वायरिंगवर असते ते पीव्हीसीचे वेष्टण जळताना दाट, विषारी धूर सोडते आणि बंद कॉकपिटमध्ये आगीपेक्षा तो धूरच आधी घातक ठरतो. म्हणून विमानात कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक पदरांच्या तांब्यावर टेफझेल नावाच्या फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचे पातळ वेष्टण असलेली, साधारण १५० अंश सेल्सिअस उष्णता सोसणारी तार वापरतात. कंपनाने तुटते म्हणून अखंड एकपदरी तार टाळली जाते. तारांची हेळसांड किती महाग पडते, याचे उदाहरण मोठ्या विमानांच्या इतिहासात आहे: २ सप्टेंबर १९९८ रोजी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान आग लागल्यानंतर कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले आणि आगीचा उगम छतामागील तारांमध्ये उडालेल्या ठिणगीत असावा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

तार कोणत्या वाटेने न्यावी, याचे बरेच नियम अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या १९९८ च्या मार्गदर्शक पत्रकात एकत्र सापडतात. इंधनाच्या नळीला समांतर जाणारी तार शक्यतो नळीच्या वर आणि सुमारे १५ सेंटिमीटर दूर असावी, म्हणजे गळणारे पेट्रोल तारेवर ठिबकणार नाही. सुकाणू आणि पंखांचे पडदे हलवणाऱ्या पोलादी दोरांपासून किमान साडेसात सेंटिमीटर अंतर राखावे, नाहीतर हलणारा दोर वेष्टण घासून काढतो. तारांच्या जुडीला ६० सेंटिमीटरच्या आत आधाराचा क्लॅम्प द्यावा, दोन आधारांमध्ये बोटाने दाबल्यावर सुमारे सव्वा सेंटिमीटरच झोळ पडावा, वळणाची त्रिज्या जुडीतील सर्वांत जाड तारेच्या व्यासाच्या दहापटीहून कमी नसावी आणि तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबराचे कडे, म्हणजे ग्रोमेट, बसवावे. जोडाजवळ तार थोडी खाली लोंबती ठेवतात, कारण तारेवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी टपकून जाते आणि जोडात शिरत नाही. कोकणात तरी ही सोय ऐच्छिक मानू नये.

प्रवाहाच्या परतीची वाट हा त्याहून सूक्ष्म विषय आहे. कर्जतहून घाट चढणाऱ्या विजेच्या गाडीला वरच्या तारेतून मिळालेला प्रवाह रुळांतून परत जातो, तसाच अॅल्युमिनियमच्या विमानात तो सांगाड्यातून परत जाऊ शकतो आणि दुसऱ्या तारेचे वजन वाचते; फायबरग्लास किंवा लाकडाच्या विमानात मात्र प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. धातूच्या विमानातही रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणांच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणी आणून जोडणे चांगले, अन्यथा इंजिनवरच्या आल्टरनेटरची घरघर हेडफोनमध्ये ऐकू येते. चुंबकी होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात, कारण त्यांची चुंबकीय क्षेत्रे त्यामुळे बरीचशी एकमेकांना रद्द करतात.

इंजिनला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोच्या तारेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. मॅग्नेटोला बॅटरीची गरज नसते आणि तो बंद करायचा म्हणजे त्याची तार सांगाड्याला टेकवायची. साहजिकच ही तार तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने फिरवलेला पंखा अकस्मात इंजिन सुरू करू शकतो. बॅटरी शेपटाकडे असल्यास तिच्या जवळच मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे दुरून चालणारा मोठा स्विच, बसवला पाहिजे. तो बंद केला की पुढे इंजिनापर्यंत जाणारी जाड केबल मृत होते आणि अपघातात चिरडली तरी ठिणगी टाकत नाही. फ्यूज उपकरणाला वाचवतो असा समज आहे, पण त्याचे खरे काम उपकरणाकडे जाणारी तार जळू न देण्याचे असते, म्हणून २२ गेज क्रमांकाच्या बारीक तारेला ५ अँपिअर आणि त्याहून जाड १८ क्रमांकाच्या तारेला १० अँपिअर इतकाच फ्यूज लावायचा असतो. तारेची जाडी केवळ फ्यूजवर ठरत नाही: चौदा व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणापर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होऊ नये, हा दंडक लांब तारांना आपोआप जाड करतो.

तारेच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवण्याचे काम, ज्याला क्रिम्पिंग म्हणतात, ते कर्जत-खालापुरात विमान बांधणाऱ्याने शक्यतो दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत उरकावे, प्रत्येक तारेला दोन्ही टोकांस क्रमांक द्यावा आणि पत्रा बंद करण्यापूर्वी तारांचा नकाशा कागदावर पूर्ण करावा. नकाशाविना केलेले वायरिंग दिसायला कितीही नेटके असले, तरी ते अपुरेच समजावे.