काळ्या मातीतली गाडी वाळूत नेताना

दिवाळी सरून थंडी पडू लागली की जैसलमेरचे बेत शिजायला लागतात. नांदेड-लातूरहून अंतर साधारण चौदाशे किलोमीटर आणि रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला. खरी परीक्षा डांबर संपून समचे किंवा खुरीचे टिब्बे सुरू होतात तिथे होते. आपल्याकडचा चालक काळ्या मातीत तयार झालेला. पावसाळ्यात चिखलातून गाडी काढण्याची त्याची हातोटी पक्की असते, पण वाळूत नेमकी तीच आड येते.

चिखलाचे शहाणपण वाळूत चालत नाही

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. तिच्याखाली बहुधा घट्ट थर असतो. म्हणून खोल खाचांचे टायर लावायचे, ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत चिखल झटकायचा आणि खालचा थर पकडायचा, असा आपला रिवाज. शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, तेही वजन वाढून पकड यावी म्हणून.

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात आणि खाली आधाराचा थरही हाती लागत नाही. चाक जागेवर फिरले की ते स्वतःचाच खड्डा खणते. चिखलाचे टायर तर फावड्यासारखे काम करतात. काही सेकंदांत गाडी पोटावर बसते. वाळूवरून जायचे तर वजन कमी हवे, टायर जमिनीवर पसरलेला हवा आणि वेग एकसारखा हवा. म्हणून टायर मड-टेरेन नकोत; कमी खाचांचे ऑल-टेरेन किंवा कंपनीचे मूळ टायरही चालतात.

सगळ्यात मोठे हत्यार: हवा

ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनोल्ड याने १९२० आणि ३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. गाडीचे अनावश्यक वजन उतरवणे आणि टायरची हवा कमी करणे यांवर त्याचा भर होता. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या पोलादी पन्हळ्या तो रुतलेल्या चाकांखाली घालायचा. उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ डब्यात साठवून ते पाणी पुन्हा वापरायचा. पुढे १९४१ मध्ये वाळू कशी वाहते यावर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असलेली हवा वाळूत १५ ते १८ वर आणली की टायर लांबट पसरतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटले जाते. शेतात टायरची हवा कमी ठेवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे वेगळे सांगायला नको. मात्र १२ च्या खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर जोरात वळू नये, आणि डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरावी. नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून पहिली खरेदी हवा मोजण्याचे चांगले गेज आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर. दिवे आणि स्टिकर नंतर.

गाडी कोणती घ्यावी?

तीन गोष्टी बघा: चारही चाकांना जोर, लो-रेंज गिअर आणि कमी वजन. नाशिकला बनणारी महिंद्रा थार लोकप्रिय आहे, पण जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. दिसायला तीच, वाळूत मात्र दुबळी. जुनी घेताना फोर बाय फोरचा लिव्हर डोळ्यांनी बघून घ्या. मारुती जिम्नी सुमारे १,२०० किलोची, म्हणजे थारपेक्षा बरीच हलकी. तिचे इंजिन लहान असले तरी वाळूत हलकेपणा कामी येतो. सामानाला जागा मात्र कमी. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा जड आहे, पण दोन्ही ॲक्सलना डिफरन्शियल लॉक मिळतो. एकाच गाडीत सगळे गुण सापडत नाहीत.

निघण्यापूर्वी

एअर फिल्टर नवा घाला आणि एक जादा ठेवा. कूलंट, बेल्ट, बॅटरी तपासा. पुढे-मागे चेसिसला पक्के जोडलेले टो-हुक आहेत ना, ते पाहा. फावडे, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पाट्या, ताणला जाणारा दोर आणि शॅकल सोबत हवेत. टपावर जड सामान लादू नका; उतारावर गाडी कलंडते. वाळूत इंधन दीडपट ते दुप्पट लागते. पाणी माणशी रोज किमान चार-पाच लिटर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला त्याची किंमत सांगायची गरज नाही.

बदल करताना कायदाही बघा. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुढचे लोखंडी क्रॅश गार्डही नियमात बसत नाहीत. सीमेलगतच्या अधिसूचित भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये मळलेली वाट सोडू नका. सोलापूर-नगरच्या माळरानांवरून जवळपास नाहीसा झालेला माळढोक तिथे अजून तग धरून आहे, आणि त्याची मादी उघड्या जमिनीवरच अंडे घालते.

टिब्ब्यावर

सकाळची थंड वाळू जास्त घट्ट असते. चढ सरळ चढा, तिरपे जाऊ नका. माथ्यापलीकडचा उतार ३०-३४ अंशांचा असू शकतो, म्हणून आधी पायी जाऊन बघा. थांबायचे तर उताराकडे तोंड करून, ब्रेक न मारता. चाक फिरू लागले की लगेच ॲक्सिलरेटर सोडा, उतरा आणि वाळू उपसा. इथेच चिखलाची सवय मोडावी लागते.

हवा सोडणे-भरणे आणि दोर लावणे घरीच दोनदा करून बघा. आणि दुसरी गाडी सोबत नसेल तर टिब्ब्यांवर चाक घालूच नका. गाडी रस्त्यालगत ठेवा आणि उंटावरून वाळवंट बघा. एवढ्या बाबतीत तरी उंटावरचा माणूसच शहाणा.