जलाशयातील तरंगता धक्का

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या सीमेवर दोन विशाल जलाशय आहेत. पैठणच्या नाथसागराचे पाणी शेवगाव व नेवासे तालुक्यांत, तर उजनीचे पाणी कर्जत तालुक्याच्या भीमाकाठी पसरलेले आहे. अशा जलाशयांमुळे जमिनी भिजल्या. परंतु समोरासमोरची गावे दुरावली आणि होडी हाच जवळचा मार्ग उरला. दिनांक २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण मृत्युमुखी पडले.

केवळ धक्का बांधल्याने असे अपघात टळत नाहीत, हे खरे. तथापि उतारू मोजणे, जीवरक्षक जाकिटे देणे व वारा सुटल्यास होडी रोखणे यांसाठी निश्चित जागा हवी. तेथे निवारा नसेल, तर उतारू थांबण्यास राजी होत नाहीत.

पाण्यातील वास्तू आपणांस नवीन नाही. अहमदनगरचा फराहबाग महाल निजामशाहीत, सोळाव्या शतकात, तलावाच्या मध्यभागी उभारला गेला. कोरियात सोल येथील राजवाड्याच्या तळ्यात ४८ दगडी खांबांवरील ग्योंगह्वेरू हा मंडप असून, त्याची पुनर्बांधणी १८६७ साली झाली. मात्र धरणाच्या पाण्याची पातळी पावसाळा ते उन्हाळा अनेक मीटरने बदलते. तेथे स्थिर खांब कुचकामी ठरतात. जमीनच तरंगती करावी लागते.

त्यामागील तत्त्व शाळेतील आर्किमिडीजचेच होय. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा पोकळ तराफा एक सेंटिमीटर खाली जाण्यास ५०० किलो भार लागतो. सरासरी ६० किलो वजनाचे ४० उतारू चढले, तरी तो सुमारे पाच सेंटिमीटरच खचेल. परंतु सर्वजण एकाच कडेला गेले, तर तो कलतो. म्हणून तराफा रुंद, आतून जलाभेद्य कप्प्यांचा आणि छप्पर हलके असावे. कोरियन घराची मातीची जड कौले येथे नकोत. घ्यावयाची ती लांब वळचण आणि ‘मारू’ ही उघडी लाकडी बैठक. आपल्या वाड्याची ओसरी तीच सावली देते.

तराफा साखळ्यांनी नांगरांस बांधावा. काठाशी बिजागरीने जोडलेला पूल पातळीप्रमाणे कललेला राहील. पाणी दूर हटल्यास तराफा व पूल दोन्ही पुढे सरकवावे लागतील. २०२३ साली सुरू झालेल्या कोची जलमेट्रोत फलाट तरंगते असल्याने ते व नावेची फरशी एका पातळीत राहतात. वृद्धांना व अपंगांना त्याचा मोठा आधार होतो.

आराखड्यापूर्वीचे एक काम मात्र गावाचेच आहे. उतारावरील पाण्याची उच्चतम व नीचतम खूण, वाऱ्याची दिशा आणि रोजच्या उतारूंची संख्या यांची वर्षभराची नोंद ग्रामपंचायतीने व शाळेने ठेवावी. धक्क्याची जागा व आकार ठरविताना अभियंत्यास याच नोंदीचा आधार घ्यावा लागतो.