चमचाभर पाण्याची चूक

मागच्या मे महिन्यात पोलादपूरला आमच्या अंगणात बुलबुलचं पिल्लू पडलं. मी मोठ्या मायेने त्याच्या चोचीत चमच्याने पाणी ओतलं. दहा मिनिटांत ते गेलं. कारण नंतर कळलं. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं.

मग करायचं काय? पिसं न फुटलेलं पिल्लू असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय; आईबाप जवळच असतात. मांजराची भीती वाटली तर फांदीवर ठेवा, बस्स. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावा.

गिधाडाचं तर एकेक पिल्लू मोलाचं, कारण मादी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या महाडच्या 'सिस्केप' संस्थेने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांना खाद्य पुरवलं, घरट्यातून पडलेली पिल्लं वाचवली.

तेव्हा हॉस्टेलच्या व्हरांड्यात पाखरू पडलेलं दिसलं, तर आधी चमचा बाजूला ठेवा. माझ्याकडून झालं, ते तुमच्याकडून नको.