शिंपला नदी कशी चढतो?

मुंबई-गोवा महामार्गावर नांदगाव तिठ्याला देवगडचा रस्ता फुटतो. इथल्या माणसाला तिसऱ्या, मुळे, कालवं यांतला फरक शिकवायला नको. एकशिपीवर तर तो तासभर बोलेल. पण व्हाळाच्या डोहात, वाळूत अर्धा रुतलेल्या काळपट शिंपल्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. ताटात मान नाही, म्हणून बोलण्यातही नाही.

लॅमेलिडेन्स हा भारतातल्या गोड्या पाण्यातला नेहमीचा शिंपला. डोकं नाही, डोळे नाहीत. दोन शिंपा पाठीकडे लवचीक बिजागरीने जोडलेल्या. ही बिजागरी सतत उघडायला बघते आणि दोन दणकट स्नायू तिला ओढून मिटवतात. म्हणजे कष्ट पडतात ते मिटून राहायला. जीव गेला की स्नायू सैल पडतात आणि शिंपा आ वासतात. साफ करताना उघडी तिसरी बाजूला काढणाऱ्या आजीला हे शरीरशास्त्र पाठच असतं.

मागच्या टोकाला दोन वाटा: एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस हे पाणी खेळवतात. कल्ले श्वास घेतात आणि शेवाळाचे कण गाळून तोंडाकडेही धाडतात. गंमत म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग चक्क हृदयातून जातो. चालायला एकच मांसल पाय, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. तो वाळूत खुपसायचा, फुगवायचा, मग अंग ओढायचं. मागे रेघ उरते.

या चालीने आषाढातल्या लोंढ्याविरुद्ध वर कसं जाणार? पोरं माशावर बसवून! मादी अंडी आपल्या कल्ल्यांतच वाढवते आणि मोहरीहून बारीक पिल्लं पाण्यात सोडते. ती माशाच्या कल्ल्यांना, परांना चिमटा घेऊन चिकटतात. माशाची कातडी त्यांच्याभोवती वाढते. काही दिवस, कधी काही आठवडे फुकट प्रवास, मग तळाशी गळून स्वतंत्र संसार. अमेरिकेतल्या लॅम्पसिलिसची मादी तर अंगाची झालर छोट्या माशासारखी हलवते, आणि मोठा मासा झडप घालायला आला की त्याच्या तोंडावर पिल्लांचा फवारा सोडते. गळ टाकणाऱ्याने हात जोडावेत अशी ही युक्ती.

म्हणून बंधाऱ्याचा प्रश्न एकट्या माशाचा नाही. मासा वर चढायचा थांबला की शिंपल्याची पोरंही खालीच अडकतात. जुने शिंपले वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे डोह भरलेला दिसतो आणि त्यात पोर एकही नसतं. वाळूउपसा तर बिऱ्हाडासकट उचलून नेतो.

उन्हाळ्यात पाणी नितळलं की वाळूतली ती रेघ शोधा. तिच्या टोकाला शिंपला सापडला, तर हातात घेऊन बघा जरूर; पण मग पाण्याच्या दोन वाटांचं टोक वर ठेवून तिथेच परत रोवा.