बांबू तोच, मालक वेगळा : धंद्यात उरलेला पैसा शेवटी जातो कुठे?

गडचिरोली/चंद्रपूर : धानाची मळणी आटोपली की जंगलपट्ट्यातल्या गावांमध्ये बैठकांचे दिवस सुरू होतात. यंदा तेंदूपत्ता कुणाला द्यायचा, बांबू कोण कापणार, मोहफूल कुठे विकायचं, यावर समाजमंदिरात नाही तर झाडाखाली चर्चा होते. कुणी म्हणतो शेतकरी कंपनी काढू, कुणी म्हणतो सहकारी संस्था बरी. बचत गटाच्या बाया म्हणतात, आमच्या गटाला द्या. आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "कशाला झंझट, आम्ही सगळं पाहून घेतो." कागद पुढे येतो, सही होते, अंगठा लागतो.

आपण नेमकी कशावर सही केली, हे मात्र हंगाम संपल्यावर हिशेबाच्या दिवशी कळतं. तोवर बोलायला फार काही उरत नाही.

धंदा कोणताही असो, त्याचा मालक ओळखायला चार प्रश्न पुरतात. भांडवल कुणाचं? निर्णय कुणाचा? खर्च आणि मजुरी जाऊन जो पैसा उरतो तो कुणाचा? आणि धंदा बुडाला तर भार कुणावर? ज्याच्या हातात निर्णय आणि उरलेला पैसा, तोच खरा मालक. आणि मालक कोण, त्यावरून धंद्याचा हेतू ठरतो. आपल्या दोन जिल्ह्यांत मालकीचे जवळपास सगळेच प्रकार डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे ते समजून घ्यायला लांब जायची गरज नाही.

एकट्याचा धंदा आणि भागीदारी

चौकातलं किराणा दुकान, सायकल-मोटारसायकल दुरुस्ती, टोपल्या आणि सुपं विणणारा बुरड कारागीर, हे सगळे एकट्याच्या मालकीचे धंदे. पैसा त्याचा, डोकं त्याचं, नफाही त्याचाच. हेतू सरळ आहे : घर चालावं, पोरं शिकावीत. अडचण अशी की बुडालं तर दुकानासोबत घर आणि शेतही धोक्यात येतं. कायद्याच्या नजरेत दुकान आणि दुकानदार वेगळे नसतात.

दोघं-तिघं मिळून धान गिरणी घेतात किंवा ट्रॅक्टर-थ्रेशर भाड्याने चालवतात, ती भागीदारी. तिला १९३२ चा कायदा लागू होतो. करारात लिहिलं असेल तसा नफा वाटला जातो. काहीच लिहिलं नसेल तर कायदा समान वाटणी धरतो, मग कुणी जास्त राबला असो की कमी. आणि एका भागीदाराने धंद्यासाठी कर्ज केलं तर ते दुसऱ्याच्याही अंगावर येऊ शकतं. भावाभावांत, मित्रामित्रांत तोंडी भागीदारी करणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घेतलेली बरी.

कंपनी : जितके शेअर, तितकं मत

कंपनीत पैसा लावणारे भागधारक मालक असतात. ज्याचे शेअर जास्त, त्याचं मत जास्त. कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअरचे पैसे जातात, त्याच्या घराला सहसा हात लागत नाही. म्हणून मोठं भांडवल उभं करायला हा प्रकार सोयीचा आहे. खाजगी मर्यादित कंपनीला किमान २ आणि जास्तीत जास्त २०० सभासद लागतात. सुरजागडचं लोहखनिज काढणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीत बसलेला अनोळखी माणूसही तिचा थोडासा मालक होऊ शकतो.

बल्लारपूरचा कागद कारखाना हे या भागातलं जुनं उदाहरण. थापर उद्योगसमूहाच्या या कंपनीची स्थापना १९४५ ची. जिल्ह्यांतल्या जंगलातला बांबू कैक वर्षे दीर्घ मुदतीच्या करारावर या कारखान्याला जात होता. कारखान्याने बल्लारपूर शहर वाढवलं, हजारो घरांत पगार गेला, हे खरं. पण कच्चा माल स्वस्तात आणि न थांबता मिळावा, हा कारखान्याचा हेतू असणारच. बांबूचं बेट दहा वर्षांनी कसं असेल याची चिंता गावाला जितकी, तितकी भागधारकाला असण्याचं कारण नाही. पुढे कंपनी कर्जात अडकली, २०२० मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली प्रक्रिया सुरू झाली आणि मालकीचे हात बदलले. भागधारकाचं नुकसान शेअरपुरतं मर्यादित असतं. कामगाराची रोजी आणि गावातल्या दुकानदाराची उधारी यांना अशी मर्यादा नसते.

सरकार मालक असतं तेव्हा

वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि ही कोल इंडियाची उपकंपनी. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं, वेकोलि १९७५ ची. कोल इंडियाचे शेअर २०१० पासून बाजारात आहेत, तरी मोठा हिस्सा केंद्र सरकारकडे आहे. वन विकास महामंडळ म्हणजे एफडीसीएम १९७४ चं, मालक राज्य सरकार. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलेलं सागवान या महामंडळाने बल्लारशाहहून पाठवलं होतं, हे अनेकांना आठवत असेल.

सरकारी कंपनीचा हेतू दुहेरी असतो. देशाला कोळसा, राज्याला लाकूड पुरवायचं आणि वर तिजोरीत भरही घालायची. मालक म्हणून नाव जनतेचं असतं, पण निर्णय नागपूर, मुंबई किंवा दिल्लीत होतो. खाणीशेजारच्या गावाने भिंतीला तडे गेल्याचं सांगितलं, तर ते गाव अर्जदार असतं, मालक नसतं.

सहकारी संस्था : माणशी एक मत

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ साली २८ कामगारांनी वर्गणी काढून एक दुकान उघडलं. पैसा कितीही लावला तरी प्रत्येकाला एकच मत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात, हा त्यांचा नियम. गुजरातमध्ये आणंदला १९४६ मध्ये दूध उत्पादकांनी तीच वाट धरली. महाराष्ट्रात सहकारी संस्थांना १९६० चा कायदा लागू आहे. संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. नफ्यातला चौथा हिस्सा साधारणपणे राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागभांडवलावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. म्हणजे नुसता पैसा लावून श्रीमंत होण्याची ही जागा नाही. सभासदाचं काम व्हावं, हा हेतू.

आपल्याकडे जंगल कामगार सहकारी संस्था याच विचारातून निघाल्या. कूपकटाईतला ठेकेदार बाजूला करायचा आणि मजुरांनीच कूप घ्यायचं, अशी ती कल्पना. काही संस्थांनी खरंच मजुरांना उभं केलं. काही ठिकाणी मात्र संस्था नावाला मजुरांची आणि पैसा, हुकूम ठेकेदाराचा, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

आदिवासी विविध कार्यकारी संस्थांचं दुखणं वेगळं. या संस्था आदिवासी विकास महामंडळासाठी आधारभूत भावाने धान खरेदी करतात. धान घ्यायचा त्यांनी, पण तो उचलण्याचा आदेश त्यांच्या हातात नाही. उचल उशिरा झाली की धान सुकतो, घट येते आणि त्या घटीचा वाद संस्थेच्या गळ्यात पडतो. निर्णय एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचं झालं की कागदावरची मालकी कामाची राहत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनी आणि बचत गट

शेतकरी उत्पादक कंपनीचं नाव कंपनीचं असलं तरी स्वभाव सहकाराचा आहे. कायद्यात हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने आला. किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात. सभासद शेतकरी असतील तर प्रत्येकाला एकच मत, शेअर कितीही असोत. नफा मुख्यतः ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात वाटायचा. शेअर बाहेरच्या व्यापाऱ्याला विकता येत नाहीत.

गावात शेअरचे पैसे गोळा करणारे आले तर संचालक कोण, वार्षिक सभा कधी झाली, मागच्या वर्षी किती सभासदांचा माल घेतला, हे विचारायला लाजू नये. शेअर घेतला आणि माल मात्र दलालालाच दिला, तर ती कंपनी आपली होत नाही.

महिला बचत गट १० ते २० जणींचा. त्याचा पहिला हेतू बचत आणि अडीनडीला कर्ज. मोहफूल, चारोळी, हळद-मिरची अशा छोट्या मालासाठी गट चांगला चालतो. हजारो बांबूंची कटाई आणि वाहतूक गटाच्या माथी मारली तर मात्र हिशेब आवाक्याबाहेर जातो.

ग्रामसभा : विकता न येणारी मालकी

वनहक्क कायदा २००६ चा. त्याने बांबू आणि तेंदूपत्ता गौण वनोपजात धरले आणि त्यावर गावाचा मालकी हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून न्यायचा परवाना वनविभागाकडेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली, तेव्हा मालकी खऱ्या अर्थाने पूर्ण झाली. परवाना दुसऱ्याच्या खिशात असेल तर माल आपला म्हणून उपयोग नाही, हे मेंढ्याने सगळ्या देशाला दाखवून दिलं.

ग्रामसभेची मालकी इतरांहून वेगळी आहे. तिचे शेअर नाहीत. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस सभासद असतो. हा हक्क पुढच्या पिढीकडे जातो, पण कुणाला विकता येत नाही. त्यामुळे हेतूही गाव स्वतः ठरवू शकतं.

गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गाव बांबू विकतं, त्यातून गावातच काम मिळतं. पण तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं गावाने ठरवलं. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लागतात, हे त्यामागचं कारण. हाती येणारा पैसा कुठला ठेकेदार असा सोडेल?

याचा अर्थ तेंदू तोडणारी गावं चुकतात, असा अजिबात नाही. एप्रिल-मे महिन्यात हाती रोख पैसा देणारं दुसरं काम बहुतेक गावांत नसतं. ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची प्रमाण गोणी, यावरच अनेक घरांचं बियाणं-खत आणि शाळेची फी निघते. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, कारण दोन्ही गावांनी स्वतः घेतलेले आहेत.

ग्रामसभेची दुबळी बाजू भांडवलाची. तारण द्यायला काही नसल्याने बँक सहज कर्ज देत नाही. मग आगाऊ रक्कम ठेकेदार देतो, आणि ज्याचा पैसा आधी येतो त्याचा शब्द वरचढ ठरतो. माल उचलला आणि रॉयल्टीचा शेवटचा हप्ता अडकला, असे प्रकार घडतात. एकटं गाव दबतं म्हणून कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. चार गावं मिळून भाव मागतात, तेव्हा व्यापारी नीट बोलतो.

एक लाख उरले तर?

समजा, सगळा खर्च आणि मजुरी देऊन हंगामात १ लाख रुपये उरले. एकट्या व्यापाऱ्याचा धंदा असेल तर पूर्ण लाख त्याचे. भागीदारीत करारानुसार वाटणी. खाजगी कंपनीत शेअरच्या प्रमाणात, आणि लाभांश द्यायचा की नाही हे संचालक मंडळ सुचवणार. सरकारी महामंडळात तो पैसा महामंडळाच्या नाही तर सरकारच्या खात्यात. सहकारी संस्थेत साधारण २५ हजार राखीव निधीत, मग मर्यादित लाभांश, बाकी इतर निधी आणि सभासदांना बोनस. उत्पादक कंपनीत माल देणाऱ्यांना मालाच्या प्रमाणात. ग्रामसभेत मात्र सभा ठरवेल तसं : काही तोडणाऱ्यांना बोनस, काही जंगल राखणीला, काही गावनिधीत.

बांबू तोच, कापणारे हात तेच, मजुरीही कदाचित सारखीच. फरक फक्त या शेवटच्या लाखाचा. तो फरक वीस वर्षांचा धरला तर कुणाच्या दारात ट्रॅक्टर उभा राहतो आणि कुणाच्या नाही, हे दिसतं.

सही करण्याआधी

तेंदूचा लिलाव असो, बांबूचा करार असो की शेअरचा अर्ज, सभेत पूर्ण कागद मराठीत आणि जमेल तिथे गोंडी-माडियात वाचून घ्यावा. भाव, आगाऊ रक्कम, सुरक्षा ठेव आणि हप्त्यांच्या तारखा कागदावरच असाव्यात, तोंडी वायदा धरू नये. पैसा ग्रामसभेच्या किंवा संस्थेच्या बँक खात्यातच यावा. ठेकेदाराने पैसे न देता माल हलवायला घेतला तर परवाना अडवायचा अधिकार कुणाकडे, हेही आधी लिहून घ्यावं. पुड्यांची नोंद ठेकेदाराच्या मुन्शीसोबत गावातल्या एका शिकलेल्या पोरीने किंवा पोराने वेगळ्या वहीत ठेवावी.

आणि वरचे चार प्रश्न फळ्यावर लिहून सभेला मोठ्याने विचारावेत : भांडवल कुणाचं, निर्णय कुणाचा, उरलेला पैसा कुणाचा, नुकसान कुणाचं? पहिल्या तिन्हींचं उत्तर दुसऱ्याचं नाव असेल आणि चौथ्याचं उत्तर "गावाचं" असेल, तर त्या दिवशी सही न करता पुढची तारीख घ्यावी.