ऊस, अरण्य आणि प्रवाळ

१९६७ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील क्वीन्सलंड राज्यातल्या एका ऊस-उत्पादकाने सरकारकडे एक अर्ज केला. किनाऱ्यासमोरील ‘एलिसन रीफ’ ही प्रवाळभित्ती मृत झाली असून ती खणून तिच्यातील चुनखडी शेतीसाठी वापरण्याची परवानगी मिळावी, अशी त्याची मागणी होती. वरकरणी पाहता ही मागणी व्यवहार्य वाटावी अशीच होती. अतिवृष्टीच्या त्या प्रदेशातील आम्लधर्मी जमिनीला चुन्याची गरज असते आणि समुद्रात तो विपुल होता. तथापि चित्रकार जॉन बुस्ट, कवयित्री ज्युडिथ राइट आणि वर्षावनांचे अभ्यासक लेन वेब यांनी या अर्जाला हरकत घेतली. स्वयंसेवी पाणबुड्यांनी समुद्रात उतरून पाहणी केली, तेव्हा ‘मृत’ म्हटली गेलेली ती भित्ती जिवंत प्रवाळांनी आणि माशांनी गजबजलेली आढळली. १९६८ साली अर्ज नामंजूर झाला. या संघर्षातून उभ्या राहिलेल्या लोकमतामुळे १९७५ साली ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला आणि १९८१ साली या प्रवाळसृष्टीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

प्रवाळ खणून शेतात नेण्याचा तो बेत टळला. मात्र पुढील काळात असे ध्यानात आले, की शेतातले खत आपणहून समुद्राकडे निघाले आहे. त्यासाठी कुणी अर्ज करीत नाही आणि कुणाच्या परवानगीचीही गरज पडत नाही. हा दुसरा प्रश्न कसा उद्भवला आणि तो सोडवताना शेतकऱ्याचे हित व निसर्गाचे हित यांची सांगड कशी घातली जात आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

एकाच उतारावरचे तीन शेजारी

क्वीन्सलंडच्या उत्तर किनाऱ्यावर कुकटाउनपासून टाउन्सव्हिलपर्यंत डोंगरांची एक रांग पसरलेली आहे. या डोंगरांवर जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक वन उभे आहे. सुमारे ८,९४० चौरस किलोमीटरचा हा ‘वेट ट्रॉपिक्स’ प्रदेश १९८८ साली जागतिक वारसा ठरला. ऑस्ट्रेलियाच्या भूभागाच्या जेमतेम एक-दशांश टक्का एवढ्या क्षेत्रात त्या देशातील पक्ष्यांच्या सुमारे ४० टक्के जाती आढळतात. समोरच्या समुद्रात सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची, जवळजवळ ३,००० भित्तींची बनलेली प्रवाळसृष्टी आहे. तिच्यात माशांच्या दीड हजारांहून अधिक जाती नांदतात.

या दोन वारशांच्या मधोमध जी सुपीक पूरमैदाने आहेत, त्यांवर एकोणिसाव्या शतकापासून ऊस उभा आहे. तुली हे तेथील साखर कारखान्याचे गाव. तेथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोकणातील घाटमाथ्याची आठवण करून देणारा हा आकडा आहे. अरण्यातून निघालेला ओढा स्वच्छ असतो, कारण मुळांनी माती धरून ठेवलेली असते. तोच ओढा शेतांमधून आणि चराऊ कुरणांमधून समुद्राला मिळतो, तेव्हा त्याच्या पाण्यात नत्र, गाळ आणि तणनाशकांचे अंश मिसळलेले असतात.

खताचा प्रवास

उसाला दिलेल्या युरियाचे जमिनीतील जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पिकाला ते हवेच असते. परंतु नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. खत टाकल्यावर लगेच मुसळधार पाऊस झाला, तर पिकाने शोषून घेण्याआधीच त्यातील बराच भाग वाहून जातो वा जमिनीत खोल झिरपतो. काही भाग वायुरूपाने हवेत निघून जातो.

प्रवाळांना पोषकद्रव्ये कमी असलेले, नितळ पाणी मानवते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न त्याला पुरवतात. पाणी गढूळ झाले, की ही अन्नव्यवस्था मंदावते. पाण्यात नत्र वाढले, की वनस्पती-प्लवकांची भरभराट होते. या प्लवकांवर ‘काट्यांचा मुकुट’ नावाच्या तारामाशाच्या अळ्या वाढतात, आणि मोठा झालेला हा तारामासा जिवंत प्रवाळ खाऊन टाकतो. त्याची एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडू शकते. एरवी त्यांतली फारच थोडी पिल्ले जगतात. अन्न मुबलक मिळाले, की हे गणित बदलते. म्हणूनच पुरानंतर समुद्रात जाणारे नत्र हे या तारामाशाच्या उद्रेकामागील एक प्रमुख कारण मानले जाते.

ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली २७ वर्षांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९८५ ते २०१२ या काळात पाहणीतील भित्तींवरील प्रवाळ-आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आले होते. या हानीपैकी ४८ टक्के वादळांमुळे, ४२ टक्के तारामाशामुळे आणि १० टक्के विरंजनामुळे झाली होती. वादळ थोपवणे कुणाच्याच हाती नाही. तारामाशाचे बळ मात्र काही अंशी शेतातून येते, आणि तेथे माणसाला काही करता येते.

जादा खत : एक महागडा विमा

शेतकरी जादा खत का टाकतो? अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. पुढचा हंगाम चांगला गेला आणि नत्र कमी पडले तर उत्पन्न हुकेल, ही धास्ती त्यामागे असते. जादा गोणी म्हणजे एका परीने त्याने भरलेला विम्याचा हप्ताच होय. पण त्या हप्त्याचा बराच भाग दर पावसाळ्यात नदीत जातो. ज्या किलोभर नत्राने समुद्राचे नुकसान होते, त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात. दोघांचेही नुकसान एकाच वेळी होते. सुधारणेची सारी शक्यता याच एका गोष्टीत दडलेली आहे.

म्हणूनच क्वीन्सलंडमध्ये माती-परीक्षण करून, अपेक्षित उत्पादनानुसार आणि जमिनीतील सेंद्रिय अंश जमेस धरून खताची मात्रा ठरवण्यावर भर देण्यात आला. खत पृष्ठभागावर न फेकता जमिनीत पेरले जाऊ लागले. ऊस जाळून तोडण्याऐवजी हिरवा तोडून त्याचे पाचट शेतातच पसरण्याची पद्धत विशेषतः अतिपावसाच्या पट्ट्यात रूढ झाली. या आच्छादनाने माती धुपत नाही, ओल टिकते आणि तण कमी उगवते. खोडवे संपल्यावर जमीन मोकळी ठेवण्याऐवजी सोयाबीन वा चवळी घेतल्याने हवेतील नत्र जमिनीत येते आणि पुढच्या उसाला विकतचे खत कमी लागते. यंत्रांची चाके ठरावीक पट्ट्यांतूनच फिरवल्याने उरलेली जमीन दाबली जात नाही.

आपल्याच शेतातून नत्र जाते, हे पुष्कळांना प्रारंभी पटत नव्हते, आणि तशी शंका येणे स्वाभाविकच होते. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने ओढ्यांमध्ये आणि नद्यांमध्ये बसवलेल्या संवेदकांचे आकडे शेतकऱ्याला मोबाइलवर पाहता येतील अशी सोय केली. पाऊस पडल्यावर नायट्रेटचा आलेख वर चढताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला, की चर्चेचा सूर आपोआप बदलतो.

अरण्याचे तुटलेले धागे जोडणे

शेतीच्या विस्तारात सखल भागातील वर्षावनाचे तुकडे झाले. अशा तुकड्यांत कॅसोवरीसारख्या पक्ष्याची कोंडी होते. माणसाएवढा उंच, न उडणारा हा पक्षी अरण्यातील मोठी फळे गिळून त्यांची बीजे दूरवर पसरवतो. तो नाहीसा झाला, तर काही वृक्षांचे बीजप्रसारणच खुंटते. यावरचा उपाय म्हणजे तुकड्यांना जोडणारे हरित पट्टे. अथर्टन पठारावर बॅरिन सरोवराचे वन आणि गडगारा वन यांच्यामध्ये १९९५ ते १९९८ या काळात एका खाजगी पशुपालन शेतातून, ओढ्याच्या काठाने सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा असा पट्टा स्वयंसेवकांनी लावला. गुरे आत शिरू नयेत म्हणून कुंपण घातले गेले. शेतमालकाच्या गुरांना सावली आणि वाऱ्यापासून आडोसा मिळाला. अरण्याला वाट मिळाली. ओढ्याकाठच्या अशा झाडीमुळे काठ ढासळत नाहीत आणि गाळही अडतो.

नत्राचे पतपत्र

बँकिंगच्या अभ्यासकांना रस वाटावा असा एक प्रयोगही तेथे सुरू आहे. त्याचे नाव ‘रीफ क्रेडिट’. शेतकऱ्याने पद्धत बदलून समुद्रात जाणारे विद्राव्य नत्र एक किलोने रोखले आणि ते तपासणीत सिद्ध झाले, तर त्याला एक क्रेडिट मिळते आणि ते विकता येते. ऑक्टोबर २०२० मध्ये एचएसबीसी बँक आणि क्वीन्सलंड सरकार यांनी अशी पहिली क्रेडिट्स विकत घेतली. संरक्षणाचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर न पडता त्याचा लाभ घेणाऱ्या समाजानेही तो उचलावा, हे यामागील तत्त्व आहे. २०१७ च्या एका आर्थिक अहवालानुसार ग्रेट बॅरियर रीफवर सुमारे ६४,००० रोजगार अवलंबून होते. तेव्हा हा खर्च दानधर्म नसून भांडवलाचे जतन आहे, असेच म्हटले पाहिजे.

यशाची मर्यादा

हे सारे सुरळीत घडले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. विद्राव्य नत्राचे प्रमाण २०२५ पर्यंत ६० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरले होते. प्रगती त्याच्या बरीच मागे राहिली. २०१९ साली राज्याने खतवापरावर कायद्याने बंधने आणली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी त्यांना विरोध केला. दुसरे संकट त्याहून मोठे आहे. समुद्र तापला, की प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. १९९८ आणि २००२ नंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ असे व्यापक विरंजनाचे प्रसंग येथे ओढवले. उसाच्या शेतात कितीही काटेकोरपणा पाळला, तरी समुद्राचे तापमान त्याने उतरत नाही; त्यासाठी जगभरातील कार्बन उत्सर्जनच कमी व्हावे लागेल.

मग शेतातील या खटाटोपाचा उपयोग काय? २०२२ च्या पाहणीत उत्तर आणि मध्य भागातील प्रवाळ-आच्छादन लक्षणीय वाढलेले दिसले होते. २०२४ च्या विरंजनानंतर २०२५ च्या पाहणीत ते पुन्हा मोठ्या प्रमाणात घटले. म्हणजे सावरण्याची शक्ती प्रवाळांत आहे, पण दोन आघातांमधील विसाव्याचा काळ आता कमी होत चालला आहे. या अल्प अवधीत पाणी स्वच्छ असेल आणि तारामाशाचा उपद्रव कमी असेल, तरच नवे प्रवाळ रुजतील. आजाऱ्याचा ताप आपल्याला उतरवता येत नसला, तरी त्याला शुद्ध पाणी देणे आपल्या हाती असते.

आपल्या किनाऱ्यावर

भारतात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे प्रमुख प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आढळतात. मन्नारच्या आखातातही चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणले जात असत. २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. सह्याद्रीसह पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ पासून जागतिक वारसा आहेत. येथेही अरण्य, शेती आणि समुद्र एकाच उतारावर नांदतात. माती-परीक्षण, निंबोळीचा लेप दिलेला युरिया, पाचट न जाळता त्याचे आच्छादन करणे, ही साधने आपल्या शेतकऱ्याला अपरिचित नाहीत.

कोणताही सुज्ञ खातेदार व्याजावर निर्वाह करतो आणि मुद्दल जपतो. माती, अरण्य आणि प्रवाळ हे आपले मुद्दल आहे. ते पुढील पिढीच्या खात्यावर अखंड वर्ग व्हावे यासाठी लागणारा पहिला हप्ता फार मोठा नाही. पावसाचा रंग पाहून खताची गोणी एक दिवस उशिरा उघडणे, एवढ्यापासूनही आरंभ करता येतो.