‘बापावर गेलाय, बोलेल उशिरा’

सातारा-सांगलीकडे दोन वर्षांचं मूल बोलत नसलं, की आजी धीर देते, “याचा बापबी उशिराच बोलला.” बोलणं मायेचंच; पण त्या भरवशावर मुलाचं मोलाचं वर्ष निघून जातं.

गैरसमज : मुलगे उशिराच बोलतात, थांबावं.
वस्तुस्थिती : नुसतं बोलणं उशिरा येणारं मूल खुणांनी भरपूर ‘बोलतं’. रस्त्यावरून एसटी गेली की बोट दाखवतं, आणि आईनंही पाहिलं ना, म्हणून वळून तिच्याकडे बघतं. दीड वर्षापर्यंत हे बोट आणि ही नजर दिसली नाही, वर्ष उलटूनही मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आलेले शब्द गेले, तर ती स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं असू शकतात; लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

गैरसमज : टीव्हीवरच्या गाण्याला धावतो, म्हणजे कान तपासायला नकोत.
वस्तुस्थिती : काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. म्हणून श्रवणचाचणी आधी करून घ्यावी.

गैरसमज : लस टोचली म्हणून स्वमग्नता आली.
वस्तुस्थिती : गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात, लक्षणंही साधारण याच वयात नजरेत भरतात. लसीवर संशय घेणारा 1998चा ‘लॅन्सेट’मधला लेख 2010मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या पाहणीतही संबंध आढळला नाही. आईच्या नोकरीनं किंवा कमी लाडानंही स्वमग्नता येत नाही. आईला दोष देणं थांबवा.

गैरसमज : एमआरआय काढला की कळतं.
वस्तुस्थिती : स्वमग्नता दाखवणारी रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही. तज्ज्ञ मुलाचं खेळणं बघतात, पालकांशी सविस्तर बोलतात. मूल ट्रॅक्टर चालवतं, की उलटा धरून चाकच फिरवत राहतं? एकट्या खुणेवरून निदान होत नाही. सगळ्या मिळून चित्र उभं राहतं. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारासही खात्रीनं निदान करू शकतात.

गैरसमज : त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागतं.
वस्तुस्थिती : सुरुवात अंगणवाडीतून होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तिथं येतं. 2013मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात स्वमग्नतेची तपासणी आहे, ती मोफत आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आखलेली आहे. सेविकाताईंना विचारा, “पथक कधी येणार?”

निदानाच्या कागदासाठी मात्र थांबू नका. भाकरी थापताना मूल परातीतल्या पिठाकडे बघत असेल, तर त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला बसा. “पीठ!” म्हणा. चिमूटभर त्याच्या हातावर ठेवा आणि थांबा. एक दिवस ते पिठावरून नजर उचलून तुमच्याकडे बघेल. तिथूनच त्याचं बोलणं सुरू होतं.